ताट कोणी उचलायचं?

प्रश्न : सासूबाई भारतातून दोन महिन्यांसाठी इकडे आमच्याकडे आल्या आहेत. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ११ चा. परवा जेवण झाल्यावर मुलगा नेहमीसारखा ताट घेऊन सिंककडे निघाला, तर त्यांनी ते हातातून काढून घेतलं. "तू कशाला? ताई आहे ना." मुलगी ताडकन उठली, "हे तुमच्या इंडियातलं मला सांगू नका" म्हणाली आणि खोलीचं दार आपटलं. सासूबाई दुखावल्या आहेत, मुलगी त्यांच्याशी बोलत नाही. मी कोणाची समजूत काढू?

उत्तर : आधी मुलाची. ताट हातातून गेल्यावर तो तुमच्या पत्रातूनही गायब झालाय! मुलीला राग तरी व्यक्त करता आला. त्याला मात्र एवढंच कळलं, की आपण हे काम केलं तर आजीला कसंसंच वाटतं. उद्यापासून त्याने ताट तसंच टेबलावर सोडलं तर आळशी म्हणू नका. "आजीने ताट घेतलं तेव्हा तुला काय वाटलं?" असं विचारा आणि मग थोडा वेळ गप्प बसा.

आता ते "तुमच्या इंडियातलं". इथे बहुतेक आईबाप घसरतात : आपल्या संस्कृतीची बाजू घेतात, नाहीतर मुलीसमोर त्या संस्कृतीबद्दल माफी मागतात. दोन्ही नको. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं, की जे दुर्गुण बायकांना चिकटवता ते पुरुषांत नाहीत का? पुस्तक छापलं गेलं १८८२ मध्ये. मुलीला सांगा, तू जे विचारतेस ते मराठीत विचारून झालंय, आणि तुझ्यापेक्षा चांगल्या शिव्या घालून.

शिवाय ती जिथे वाढतेय तिथेही सगळं आलबेल नाही. १९६६ ते १९७७ या काळात कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. बाई दिसली फक्त २८ चित्रांत, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. पुढे अमेरिकेत हे प्रमाण बरंच सुधारलं. तरी तिथल्या अनेक अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं, की मुलं वयाने वाढतात तसतसे चित्रातले पुरुष वाढत जातात. भावाला आणि त्याच्या मित्रांना चित्र काढायला लावायचं काम तिच्यावर सोपवा. का ते आधी सांगायचं नाही.

आपल्या भाषेतही एक सापळा आहे. मराठी क्रियापदाला लिंग लागतं, त्यामुळे मनातलं गृहीत तोंडातून सुटतंच. मध्यंतरी भाचा दाताच्या दवाखान्यातून आला, मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" तो शांतपणे म्हणाला, "म्हणाल्या." मी स्वतः या विषयावर लिहिते, बरं का! घरात एक आठवडा एकमेकांना असं पकडायचं ठरवा. पायलट "आला", शिक्षिका "आली", बॉस "म्हणाला". मुलांची मराठी चुकते म्हणून आपण नेहमी टोकतो, इथे त्यांना आपल्याला टोकता येतं, त्यामुळे खेळ रंगतो.

सासूबाईंशी मात्र तुम्ही बोलू नका. हे त्यांच्या मुलाचं काम आहे. त्याने मुलांसमोर भाषण देऊ नये, एकटं गाठून "आई, आमच्याकडे ज्याचं त्याने उचलायचं असतं" एवढंच सांगावं, आणि त्याच रात्री स्वतःचं ताट उचलावं. तो आजवर उचलत नसेल, तर मुलीच्या रागाचं निम्मं कारण तुम्हाला सापडलं.

मुलीला आजीची माफी मागायला लावू नका, निदान आत्ता तरी. त्याऐवजी आजीला एक प्रश्न विचारायला सांगा : "तुला काय शिकायचं होतं?" समोरासमोर बसवून, मोबाइलवर रेकॉर्ड करत नाही हं. तसं केलं तर बायका "आमचं काय मेलं" म्हणून विषय संपवतात. आजी भांडी पुसत असताना विचारायचं, मुलीने शेजारी उभं राहून, आणि पुसलेली भांडी कपाटात लावायला भावालाही बोलवायचं.