'डोन्ट ड्वेल ऑन इट' : सरांचा शेरा आणि तीन आठवड्यांचा घोर

'मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला गेली आणि एका चुकीपायी गप्पगप्प झाली, काय करावं?' खानापूर, निपाणीकडचे पालक हे नेहमी विचारतात. त्यातली ही एक केस, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

मुलगी खानापूर तालुक्यातून रोज बसने बेळगावला कॉलेजला यायची. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला तोंडी प्रश्न आला. उत्तर मराठीत मनात तयार, पण इंग्रजी फुटेना. मुलं हसली. सरांनी जर्नलवर लिहिलं, 'डोन्ट ड्वेल ऑन इट'. घरी डिक्शनरीत 'ड्वेल' म्हणजे राहणे, वास्तव्य करणे. तिने अर्थ लावला, 'इथं राहू नकोस', म्हणजे सायन्स सोड! तीन आठवडे झोप नाही. आई म्हणाली, "रात्रभर तेच उगाळत बसलीय की हो, मॅडम."

सरांच्या शेऱ्याचा अर्थ आईच्याच तोंडी होता. ड्वेल ऑन म्हणजे झालेली, बहुधा नकोशी गोष्ट मनात उगाळत बसणं. ड्वेलचा जुना अर्थ रेंगाळणं. राहणं हा अर्थ त्यातूनच आला. 'ऑन' सुटला की अर्थ बदलतो, 'ड्वेल इन' म्हणजे एखाद्या ठिकाणी राहणं. 'वरी अबाउट' (काळजी करणं) या सवयीने मुलं 'ड्वेल अबाउट' लिहितात, ते चूक. 'ड्वेल इट ऑन' अशी फोडही चालत नाही. पुढे नाम येतं, 'स्टॉप ड्वेलिंग ऑन युअर मिस्टेक्स'. भूतकाळ ड्वेल्ट, अमेरिकेत ड्वेल्डही. आणि दर वेळी त्यात दुःख असतंच असं नाही. 'द टीचर ड्वेल्ट ऑन ऑप्टिक्स' म्हणजे त्या धड्यावर सविस्तर बोलले, एवढंच.

आम्हाला कामाचा वाटतो तो वरी आणि ड्वेल ऑन यांतला फरक. उद्याच्या परीक्षेचा घोर हा वरी. परवाचं हसू आठवत राहणं हे ड्वेल ऑन. उपायही वेगळे. घोराला तयारी लागू पडते. तिने वहीत संभाव्य प्रश्न काढले आणि एकेका उत्तराची दोन-दोन इंग्रजी वाक्यं रोज मोठ्याने म्हटली.

उगाळण्याला तयारीचा उपयोग नाही. त्यासाठी संध्याकाळी ६ वाजता १५ मिनिटं ठरवून दिली. दिवसभरात विचार आला की वहीत एक ओळ, बाकी सहाला. सहा वाजता 'माझंच असं का?' हा प्रश्न बाद. त्याला तळ नसतो. त्याऐवजी 'नेमका कुठला शब्द अडला? पुढच्या वेळी काय म्हणेन?' वेळ संपली की उठून पाणी भरणं, अंगण झाडणं, हातापायांचं काहीतरी. पहिल्या आठवड्यात फसलं, कारण ती वही रात्री अंथरुणात घेऊन बसायची. झोपायच्या आधीचे दोन तास वही बंद केली, मग जमलं. वडिलांचं "विसर की आता" हेही थांबवायला सांगितलं. विसरायचं म्हटलं की तेच आठवतं.

शेऱ्याचा अर्थ मात्र तिनेच सरांना जाऊन विचारायचा ठरला. चार दिवस टाळलं, मग गेली. सर आधी गोंधळले, मग त्यांनी शेऱ्याखाली मराठीत लिहिलं, 'मनाला लावून घेऊ नको.'

झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल तर वहीवर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं. जगणं नको अशी भाषा आली तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी न्यावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही लागतो.