प्रवासाचं विचारा : बर्गनला एकच रात्र? नको हो!

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की नॉर्वेच्या बर्गन शहराबद्दल काय विचारायचं ते पाठवा, आणि दादरपासून डोंबिवलीपर्यंत भरपूर मेल आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बर्गन म्हणजे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर, ओस्लोनंतर दोन नंबरचं मोठं, तरी वस्ती तीन लाखाच्या आतच. राजा ओलाव किर्रे याने १०७० साली वसवलं असं मानतात. भोवती सात डोंगर आणि मधे बंदर. सारखे प्रश्न एकत्र केलेत, समजून घ्या.

आम्ही दोघं रिटायर्ड आहोत. जूनमध्ये ग्रुप टूरने जायचं म्हणतोय. त्यात बर्गनला एकच रात्र आहे, संध्याकाळी पोचायचं आणि सकाळी फियॉर्ड (डोंगरांच्या मधे आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) बघायला निघायचं. टूरवाले म्हणतात शहरात तसं बघण्यासारखं फार काही नाही. खरंय का? (दादर)

अजिबात नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय काकू, कारण बर्गनला फक्त फियॉर्डचा स्टॉप करून टाकलेलं बघितलं की मला वाईट वाटतं. जमलं तर टूरच्या आधी किंवा नंतर स्वतःच्या तीन रात्री जोडा. तेही नाही जमलं तर दुसरी टूर बघा ज्यात निदान एक पूर्ण मोकळा दिवस मिळतो.

बंदरावर ब्रिगन नावाची लाकडी घरांची रांग आहे, लाल पिवळी पांढरी, निमुळत्या छपरांची, फोटोत तुम्ही बघितलीच असणार. टूरचे लोक समोरून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही आत शिरा. दोन घरांच्या मधे फळ्या टाकलेल्या अरुंद बोळी आहेत, वर लाकडी गॅलऱ्या, माल चढवायच्या कप्प्या, घरं थोडी कललेली, आणि मागच्या बाजूला दगडी कोठ्या, का तर लाकडाला आग लागली तरी किमती माल वाचावा. साधारण १३६० पासून इथे हान्सा या जर्मन व्यापारी संघाची पेढी होती आणि ती चारशे वर्षं चालली. उत्तरेकडच्या लोफोतेनहून सुका कॉड मासा यायचा, जर्मनीकडून धान्य यायचं, आणि सगळा हिशोब या घरांमध्ये व्हायचा. तो मासा मीठ न लावता नुसता लाकडी मांडवावर थंड वाऱ्यात वाळवतात, आपल्या वर्सोव्याला बांबूंवर बोंबील वाळत घालतात ना अगदी तसंच, फक्त तिथे ऊन कमी आणि थंडी जास्त. या एका सुक्या माशावर ते शहर उभं राहिलंय हे डोक्यात ठेवून ब्रिगनमध्ये फिरलात की प्रत्येक कोठी वेगळी दिसायला लागते.

त्या व्यापाऱ्यांना लग्न करायला बंदी होती, सगळे पुरुषच राहायचे, आणि आगीच्या भीतीने राहत्या घरात चूल शेकोटी काही पेटवायची नाही. नॉर्वेच्या थंडीत! म्हणून मागे वेगळ्या इमारती होत्या जिथे एकत्र जेवायचं, ऊब घ्यायची, शिकाऊ मुलांचे वर्ग पण तिथेच. त्या आजही बघता येतात, श्योत्स्टुएने म्हणतात त्यांना.

आणि इतकी काळजी घेऊनही आगी लागायच्या त्या लागल्याच. १७०२ च्या आगीत जवळजवळ सगळं शहर गेलं, आज दिसतं ते ब्रिगन त्यानंतर जुन्याच आखणीवर बांधलेलं आहे. १९५५ मध्ये पुन्हा मोठा भाग जळला. पण त्या जळलेल्या जागेवर पुरातत्त्वाचं खोदकाम झालं आणि खाली मध्ययुगातलं शहर सापडलं, लाकडाच्या काठ्यांवर कोरलेल्या रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतल्या सहाशेहून जास्त चिठ्ठ्या निघाल्या, मालाच्या पावत्या, प्रेमाच्या ओळी, आणि एकीवर तर सरळ लिहिलंय की गीदा म्हणतेय तू आता घरी ये. मला ती चिठ्ठी सगळ्यात आवडते. खोदकामाच्या जागेवरच ब्रिगन म्युझियम आहे, तिथे निवांत दीड दोन तास द्या. उरलेली साठेक घरं १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

एक ध्यानात ठेवा, उन्हाळ्यात क्रूझची जहाजं येतात तेव्हा सकाळी दहा ते चार पाय ठेवायला जागा नसते. नऊच्या आत जा नाहीतर रात्री जेवून जा, जूनमध्ये अकरापर्यंत उजेड असतो.

माझे आजोबा गोदीत होते, त्यामुळे मला बंदरं आणि किल्ले यात इंटरेस्ट आहे. बर्गनमध्ये तसं काही? (माझगाव)

तुमच्यासाठी तर खासच आहे. ब्रिगनच्या टोकालाच बर्गनहूस किल्ला आहे, आवारात फिरायला पैसे लागत नाहीत. आत नॉर्वेच्या होकॉन राजाचा दगडी दरबार हॉल आहे, १२६१ मध्ये त्याच्या मुलाचं, मॅग्नुसचं, लग्न इथे झालं.

आता हे वाचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला १४ एप्रिल १९४४ ला, तुमच्या घरात त्याच्या गोष्टी झाल्याच असतील. त्यानंतर बरोबर सहा दिवसांनी, २० एप्रिल १९४४ ला, बर्गनच्या बंदरात किल्ल्यासमोरच दारूगोळा भरलेलं फोर्बोडे नावाचं डच जहाज उडालं. नॉर्वे तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. दीडशेच्या वर माणसं गेली, हॉलचं छप्पर उडालं, शेजारचा रोसेनक्रान्त्स बुरूज ढासळला, बंदरालगतची घरं पेटली. एकाच युद्धात, एकाच आठवड्यात दोन बंदरं. आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्या गोदीतल्या जवानांसाठीच. बर्गनवाल्यांनी तो हॉल नीट उभा केला आणि १९६१ मध्ये, म्हणजे त्या लग्नाला ७०० वर्षं झाली तेव्हा, परत उघडला. आत उभं राहून वर लाकडी छताकडे बघा, ते सगळं नंतरचं आहे, भिंती जुन्या. दुरुस्त केलेल्या बुरुजाच्या अरुंद जिन्याने वर गेलं की सगळं बंदर समोर दिसतं.

मी वडाळ्याच्या बाजूला कुष्ठरोग्यांसाठी बरीच वर्षं काम केलंय. बर्गनमध्ये या विषयाचं म्युझियम आहे असं ऐकलं. जाण्यासारखं आहे का? (वडाळा)

जाच ताई. तुमच्याइतकं ते कुणाला कळणार नाही.

सेंट यॉर्गन हॉस्पिटल, शहराच्या मध्यात, रेल्वे स्टेशनपासून चालत. पंधराव्या शतकापासून तिथे कुष्ठरोग्यांना ठेवायचे, आताची लाकडी इमारत १७०२ च्या आगीनंतरची. मधे मोठी खोली, दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या खोल्या, शेजारी त्यांचं चर्च. एकोणिसाव्या शतकात युरोपात कुष्ठरोगी सगळ्यात जास्त जिथे एकत्र होते त्यातलं हे शहर, तीन हॉस्पिटलं होती इथे. आणि इथेच १८७३ मध्ये गेर्हार्ड आर्मावर हान्सेन या डॉक्टरने रोग्यांच्या गाठींमध्ये काठीसारखे जंतू बघितले आणि रोग त्यांच्यामुळेच होतो असं म्हटलं. तोपर्यंत मोठमोठे डॉक्टर म्हणत होते की हा रोग रक्तातून, घराण्यातून येतो, आणि असं म्हणणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव कोणाचं तर डॅनियलसन यांचं, म्हणजे हान्सेनच्या सासऱ्यांचंच.

पण म्युझियममध्ये हान्सेनचा नुसता उदोउदो करून पुढे जाता येत नाही. आपलं म्हणणं सिद्ध करायला त्याने एका बाई रुग्णाच्या डोळ्यात तिला न विचारता जंतू टोचायचा प्रयत्न केला, तिने तक्रार केली, १८८० मध्ये कोर्टात केस चालली आणि त्याची हॉस्पिटलमधली नोकरी गेली. दीडशे वर्षांपूर्वी एका गरीब रोगी बाईची बाजू कोर्टाने घेतली ही गोष्ट मला त्या जंतूच्या शोधाइतकीच मोठी वाटते. इथले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले. शहराच्या या सगळ्या जुन्या नोंदी युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहेत.

तुमच्या वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ हॉस्पिटल १८९० चं, म्हणजे हान्सेन बर्गनमध्ये कामात असतानाचंच. (अ‍ॅकवर्थ म्हणजे तेच मुंबईचे कमिशनर ज्यांनी आपले मराठी पोवाडे गोळा केले.) म्युझियम मुख्यतः उन्हाळ्यात उघडं असतं, वेळा आधी बघून ठेवा. टूरवाले हे कधीच दाखवत नाहीत.

जूनमध्ये मिडनाइट सन दिसेल ना? आणि नॉर्दर्न लाइट्स? (बोरिवली)

बर्गनला दोन्ही नाही. मिडनाइट सनसाठी, म्हणजे मध्यरात्रीही सूर्य दिसायला, आर्क्टिक सर्कलच्या (उत्तर ध्रुवाभोवतीच्या रेषेच्या) वर जावं लागतं, बर्गन बरंच खाली आहे. उजेड खूप उशिरापर्यंत असतो पण सूर्य मावळतो. नॉर्दर्न लाइट्ससाठी, म्हणजे रात्रीच्या आकाशातले ते रंगीत झोत बघायला, हिवाळ्यात उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जा.

पाऊस खूप असतो म्हणे, छत्री न्यायची का रेनकोट? (ठाणे)

पाऊस म्हणजे वर्षाला २२०० मिलीमीटरच्या वर, साधारण आपल्या मुंबईइतकाच. फरक इतकाच की आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि तिथे तो बाराही महिने पुरवून पुरवून पडतो. समुद्रावरून आलेले ढग त्या सात डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात. २००६-०७ च्या हिवाळ्यात सलग ८५ दिवस पाऊस पडला होता. एप्रिल ते जून त्यातल्या त्यात कोरडं, सप्टेंबरपासून जोर. वारा असतो त्यामुळे छत्री उलटी होते, चांगलं टोपीवालं रेन जॅकेट घ्या, आतून लोकरीचा एक थर, आणि बूट वॉटरप्रूफ, कारण ओल्या दगडी गल्ल्या घसरतात. जूनमध्येही १० ते १७ डिग्री धरून चला. पावसामुळे प्लॅन कॅन्सल करू नका, तिथले लोक करत नाहीत, बाबागाड्या घेऊन डोंगरावर जातात.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे आणि मला ट्रेकिंग आवडतं. दोघींचं कसं जमवायचं? (विलेपार्ले)

बर्गन यासाठी फार सोयीचं शहर आहे. मासळी बाजारापासून दोन तीन मिनिटांवर फ्लॉयबानन आहे, १९१८ पासून चालू असलेली फ्लॉयन डोंगरावर चढणारी रेल्वे, काही मिनिटांत ३२० मीटरवर. वर सपाट रस्ते आहेत, कॅफे आहे, छोटं तळं आहे, उन्हाळ्यात काश्मिरी जातीच्या बकऱ्या मोकळ्या फिरत असतात. आईंना तिथे बसवा, त्यांचा अर्धा दिवस मजेत जाईल. तुम्हाला जोर काढायचा असेल तर उलरिकन करा, सातातला सगळ्यात उंच, ६४३ मीटर. त्याच्या एका वाटेवर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचलेल्या १३०० च्या वर दगडी पायऱ्या आहेत, आपल्या सह्याद्रीत पाय तयार झालेत त्यांना आवडणार. आई केबल कारने वर येतील, तुम्ही पायऱ्यांनी, आणि वर भेटा. हवा स्वच्छ असेल तरच उलरिकनहून फ्लॉयनपर्यंतचा डोंगरमाथ्यावरचा पाच सहा तासांचा ट्रेक करा, धुकं असेल तर नको, वाट चुकते.

फियॉर्डसाठीही सकाळपासून रात्रीपर्यंत ट्रेन बोट बस अशी दगदग आईंना नको. बंदरातूनच मोस्ट्राउमन या अरुंद खाडीपर्यंत बोट जाते, साडेतीन तासांच्या आत परत, काचेच्या आत बसून धबधबे बघता येतात. तुम्ही एकट्या असाल तेव्हा मात्र डोंगरातल्या मिर्डाल स्टेशनहून खाली फियॉर्डकाठच्या फ्लॉम गावाला जाणारी रेल्वे करा, २० किलोमीटरमध्ये जवळजवळ ८६५ मीटर खाली उतरते.

मुलगी व्हायोलिन शिकते, तिच्यासाठी काही? (गिरगाव)

एडवर्ड ग्रीग या संगीतकाराचं घर, ट्रोल्डहाउगन. १८८५ मध्ये बांधलेलं, खाली तळ्याकाठी त्याची काम करायची एवढीशी लाकडी खोली, आणि कड्यात कोरलेली त्याची आणि बायकोची समाधी. उन्हाळ्यात दुपारी छोटे कॉन्सर्ट असतात, हॉलमध्ये स्टेजच्या मागे काच आहे, वाजवणाऱ्याच्या मागे ती खोली आणि तळं दिसतं. ट्रामने होप स्टॉपला उतरा आणि वीसेक मिनिटं चाला. त्याच ट्रामवर फानटोफ्टचं लाकडी चर्च पण येतं, मूळचं साधारण ११५० चं, १९९२ मध्ये कुणीतरी जाळलं, १९९७ पर्यंत जसंच्या तसं परत बांधलं.

आम्ही पूर्ण शाकाहारी. जेवणाचं कसं? आणि खर्च? (मुलुंड)

खर्च आहे, लपवत नाही. एक क्रोन (नॉर्वेचं चलन) साधारण आठ रुपयांच्या पुढे धरा, साधं हॉटेलातलं जेवणसुद्धा माणशी दीड दोन हजाराच्या खाली येत नाही. म्हणून किचन असलेली खोली घ्या. किवी, रेमा १००० अशी सुपरमार्केट सगळीकडे आहेत, ब्रेड, चीज, बटाटे, भाज्या, डाळी मिळतात, पण रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारीच आणून ठेवा. नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. घरून पोहे उपम्याचं तयार मिक्स, मेतकूट, चटण्या न्या, पण दूधदुभत्याचं काही नको, पेढे, पनीर वगैरे युरोपाबाहेरून न्यायला बंदी आहे. गोड म्हणून दालचिनीचे मोठे गोल बन खा, शिलिंग्सबोले, ते बर्गनचेच. मासळी खाणाऱ्यांनी मासळी बाजारात फिश सूप घ्यावं, मात्र तिथे व्हेलचं मांसही असतं, नको असेल तर विचारून घ्या. कॅश फारशी लागत नाही, कार्ड चालतं. आणि एअरपोर्टवरून टॅक्सी करू नका, ट्राम थेट शहराच्या मध्यात आणून सोडते, पाऊण तासात.