रीलवर लाख व्ह्यूज, पेट्या मात्र घरातच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची घरची हापूसची बाग आहे. वाशीला माल पाठवून दलालाच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची, वाट बघण्यापेक्षा थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकावं म्हणून इन्स्टाग्रामवर रील टाकायला लागलो. एक रील लाखाच्या वर गेली, कमेंटमध्ये नुसतं 'भाव काय, भाव काय', आणि ऑर्डरी म्हणाल तर नातेवाईक धरून बोटावर मोजण्याएवढ्या. पैसे भरून रील बूस्ट करू का, म्हणजे जाहिरात म्हणून जास्त लोकांना दाखवू का? आणि कर्नाटकचा आंबा 'देवगड' म्हणून निम्म्या भावात विकणाऱ्यांपुढे टिकायचं कसं?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : दादा, आधी हे सांगा, त्या 'भाव काय'वाल्यांना तुम्ही काय उत्तर दिलंत? 'डीएम करा', म्हणजे खाजगी मेसेज करा, असंच दिलं असणार, सगळे तेच करतात. अहो, माणूस रात्री अकरा वाजता आडवा पडून मोबाईल बघतोय, त्याला आंबा खावासा वाटलाय तो त्या मिनिटाला, भाव दिसला नाही की त्याचा अंगठा पुढच्या रीलवर गेला, तो काय डीएम करत बसतोय. भाव लिहायला लाजू नका. सीझनच्या सुरुवातीला एक भाव आणि मे महिन्यात दुसरा, हे मान्य, मग तसंच लिहा की 'हा भाव या रविवारपर्यंत'. साइझप्रमाणे लिहा, 200 ते 250 ग्रॅमवाला डझन एवढ्याला, 250 ते 300 वाला एवढ्याला, पार्सल त्यात धरलंय की वेगळं तेही लिहा. कोणी म्हणेल भाव लिहिला की शेजारचा बागायतदार दहा रुपये कमी करतो, करू दे, त्याला तुमचा भाव तसाही माहीत असतोच.

आता बूस्ट. लाख लोकांनी बघितली हे ठीक, पण त्यातले किती जण तुमची पेटी पोचते त्या गावात राहतात? बिहारमधल्या माणसाने आंब्याच्या झाडाला लाइक दिलं तर आनंद आहे, ऑर्डर नाही. त्यामुळे करायचंच तर पुणे, ठाणे, मुंबई असं तुमची गाडी जाते तेवढंच ठिकाण निवडा आणि बटण 'व्हॉट्सअपवर मेसेज करा' हेच ठेवा. रोजचे दोनशे-तीनशे रुपये, चार-पाच दिवस, बस, वर 18 टक्के जीएसटी लागतो तोही हिशोबात धरा. मग किती रुपयांमागे एक पेटी गेली ते वहीत लिहा, परवडलं तर पुढे चालवा. आणि हे सगळं तोडणी सुरू झाल्यावर. झाडावर नुसता मोहोर असताना जाहिरातीवर पैसे घालवणारे मी पाहिलेत, दोन महिन्यांनी माल येतो तेव्हा तो बघणारा माणूस तुम्हाला विसरलेला असतो. गुढीपाडवा, अक्षय तृतीया आणि महिन्याचा पहिला आठवडा, लोकांचा हात सैल असतो तेव्हाच काय ते करा.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तुमचा सगळ्यात चांगला गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर नाहीच, तो मागच्या वर्षी ज्याने पेटी घेतली तो आहे, आणि त्याला तुम्ही यंदा मेसेज केला नसेल. व्हॉट्सअप बिझनेस फुकट आहे, त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं, 'पुणे, मे मध्ये दोन पेट्या' असं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो, एका लिस्टमध्ये 256 जण बसतात. पण मेख अशी की ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज जातो. म्हणून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी टाका. वरती, 'नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिली तोडणी झाली की आधी तुम्हाला कळवू.' खाली आढी कशी लावायची, म्हणजे आंबे पिकत कसे घालायचे, ते. शहरातल्या माणसाला माहीत नसतं हो, तो पेटी आली की तशीच बंद ठेवतो नाहीतर कच्चे आंबे फ्रिजमध्ये ढकलतो आणि तिसऱ्या दिवशी 'तुमचे आंबे पिकतच नाहीत' म्हणून मेसेज. पेटी आल्याबरोबर उघडा, पेंढ्यावर एका थरात पसरून ठेवा, रोज बघा, देठापाशी वास सुटला आणि बोटाला मऊ लागला की खा, पिकल्याशिवाय फ्रिज नाही. एवढं लिहिलंत तरी निम्म्या तक्रारी कमी होतील.

साक्याचंही, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघतो त्याचंही, आधीच सांगून टाका. साका बाहेरून कळत नाही, कापल्यावरच दिसतो, हे तुम्हाला माहीत आहे पण अंधेरीतल्या काकूंना तुम्ही फसवलंत असंच वाटणार. 'साका निघाला तर कापलेल्या फोडीचा फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत जास्त देऊ', हे वाक्य भावाच्या खालीच लिहा. पाच-सहा आंबे जातील, गिऱ्हाईक जाणार नाही.

आणि कर्नाटकवाल्यांशी भावात लढू नका, हराल. हापूसला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण आपल्या गावात बाग आहे म्हणजे झालं असं नसतं, त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर या पावसाळ्यात कामाला लागा आणि नंबर पेटीवर छापा. रीलमध्ये दुसऱ्याला शिव्या नकोत, तुमची तोडणी दाखवा. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट आंबा कसा उतरवतात, चीक पडलेला आंबा बाजूला कसा काढतात, वजनावर कसा लावतात. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्याला हे दाखवता येत नाही.

प्रश्न : मी पुण्यात घरून भाजणी, मेतकूट, लाडू, चकल्या करून विकते. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्या 'मस्तच गं' म्हणतात, ऑर्डर मात्र फक्त दिवाळीला. भाचा म्हणतो रोज रील टाक, गाणी लाव. मला रोज नाही जमत.
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, नाही जमत तर नका टाकू. भाच्याला हेही सांगा की बिझनेस अकाउंटला इन्स्टाग्राम सिनेमातली गाणी फारशी देत नाही, आणि चकलीला गाणं कशाला हवंय, मोडल्याचा आवाज येऊ दे की.

तुमची खरी गडबड ही की दिवाळीत चकली आठवते आणि एरवी तुम्ही आठवण करून देत नाही. भाजणीचं थालीपीठ बारा महिने होतं, श्रावणात उपवासाची भाजणी, पावसाळ्यात मेतकूट-भात. वार ठरवून टाका, 'गुरुवारी रात्रीपर्यंत सांगा, शनिवारी सकाळी घरपोच', दर आठवड्याला तोच मेसेज, त्यात काय आहे, किती ग्रॅम, किती रुपये. 'हवं असल्यास सांगा' यावर कोणी सांगत नाही. पाकिटावर वजन, बनवल्याची तारीख आणि तुमचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा, हवाच, नोंदणी ऑनलाइन होते आणि फी अगदी किरकोळ आहे. गूगलवर बिझनेस प्रोफाइलही उघडा, फुकट आहे, म्हणजे 'कोथरूड भाजणी' शोधणाऱ्याला तुम्ही सापडाल. आणि ज्या 'मस्तच गं' म्हणतात त्यांना म्हणावं, तेच तिथे लिहा. हो, आणि उधारी नाही, मैत्रिणीला पण नाही, क्यूआर कोड मेसेजमध्येच पाठवायचा.

प्रश्न : मी साड्या विकतो. पाचशे रुपयांत इन्स्टाग्रामचे दहा हजार फॉलोअर्स मिळतायत, घेऊ का?
— इचलकरंजी

उत्तर : नको. त्यातला एकही साडी घ्यायला येणार नाही, आणि खऱ्या गिऱ्हाइकाला दहा हजार फॉलोअर्सवर सात लाइक दिसले की तो समजायचं ते समजतो.

प्रश्न : एकाने फोन केला, मिलिटरी कॅम्पमधून बोलतोय, दोनशे लाडू हवेत. भाव पण नाही विचारला. ॲडव्हान्स पाठवतो म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका म्हणतो. ऑर्डर मोठी आहे, काय करू?
— नाशिक

उत्तर : काही करू नका, फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. ही फसवणूक जुनी आहे, वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतात. चुकून पिन टाकलाच असेल तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा, जितक्या लवकर तितकं पैसे अडवायला बरं. खरंच कोणाला दोनशे लाडू हवे असतील तर तो तुमच्या नंबरवर निम्मे पैसे सरळ पाठवेल, तोवर बेसन भाजायला घेऊ नका.