वारेतून बाळाला ग्लुकोज कमी मिळालं, तर त्याच्या अवयवांवर काय परिणाम होतो?

रिपोर्टमध्ये बाळाचं डोकं वयाप्रमाणे आणि पोट मात्र मागे, असं कसं, आणि गोड खाल्लं तर भरून निघेल का, असं तुम्ही विचारलंय. मी सोनोग्राफी करते, तेव्हा पोटापासूनच सांगते.

पोटाचा घेर आम्ही जिथे मोजतो, तिथे बरीचशी जागा यकृताने व्यापलेली असते. पोटातलं बाळ स्वतः ग्लुकोज जवळजवळ बनवत नाही. आईच्या रक्तातून वारेतली ग्लुट-1 ही वाहक प्रथिनं आणतील तेवढंच. त्यातलाही मोठा वाटा वार आधी स्वतःच फस्त करते. (लोक तिला नुसती गाळणी समजतात!) पुरवठा घटला की यकृतात ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) साठत नाही, ते लहान राहतं आणि घेर मागे पडतो.

बाळाची साखर उतरली की त्याचं इन्सुलिन आणि आयजीएफ-1 ही वाढीची हार्मोन्सही उतरतात. स्नायू आणि कातडीखालची चरबी भरत नाही. वार अशक्त असेल तर प्राणवायूही कमी पडतो. मग बाळ रक्त मेंदू, हृदय आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे वळवतं. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीत) मेंदूकडे रक्त वाढलेलं दिसलं की घरचे खूश होतात, ‘मेंदूला तर भरपूर मिळतंय!’ खरं तर ती ओढाताणीची खूण असते, आणि मेंदूही त्यातून पूर्ण सुटतोच असं नाही.

मला जास्त काळजी मूत्रपिंडाची वाटते. नेफ्रॉन, म्हणजे त्यातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या, साधारण 36 आठवड्यांपर्यंतच बनतात, पुढे जन्मभर एकही नवा नाही. ते कमी राहिले तर मोठेपणी रक्तदाबाचा धोका वाढतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीही कमी राहू शकतात; कमी वजनाने जन्मणं आणि पुढचा टाइप 2 मधुमेह यांचा दुवा हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी 1992 मध्ये याच धर्तीवर मांडला. धोका वाढतो म्हणजे आजार होणारच, असं मात्र नाही.

आता गोड खाण्याचं. अडचण बहुतेक वेळा वारेच्या रक्तपुरवठ्यात असते, ताटात नाही. शिवाय प्राणवायू कमी असताना जादा ग्लुकोज पोचलं, तर बाळाच्या रक्तात लॅक्टेट (प्राणवायूविना ग्लुकोज वापरल्यावर उरणारा आम्लधर्मी पदार्थ) वाढू शकतं. त्यापेक्षा डॉपलरची तारीख चुकवू नका.

आणि जन्मानंतर बाळाच्या टाचेला टोचून पुन्हा पुन्हा साखर तपासतील, तेव्हा घाबरू नका. यकृतात साठा कमी असतो, म्हणून.