वीस फुटी वाफ्यावर घरच्या घरी क्रॉप कव्हर: कमानी, मापं आणि काढायची वेळ

ताई, प्लास्टिकचा विचार आधी सोडा. तुम्ही लिहिलंय की मिरजेत घरामागे वीस-वीस फुटांचे दोन वाफे आहेत. पालक-कोबीच्या पानांची अळ्यांनी चाळण केली, काकडीला दोन पानं फुटताच लाल भुंगे आले, मिरची चुरडा-मुरड्याने आखडली. आणि विचारलंय की व्हिडिओत दाखवतात तसा प्लास्टिकचा बोगदा करावा की जुन्या साड्या चालतील.

ते व्हिडिओ बहुतेक बर्फाळ मुलखातले असतात. तिथे पिकाला थंडीपासून वाचवायचं असतं. आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, तिथल्या स्ट्रॉबेरीवाल्याने प्लास्टिकचा विचार केला तर समजू शकतं. मिरजेत मात्र डिसेंबरच्या दुपारीही बंद प्लास्टिकखाली रोपं शिजतील. तुम्हाला अडवायची आहे ती कीड. म्हणून हवा आणि पाणी आरपार जाईल, पण किडा जाणार नाही असं कापड हवं.

ते कापड म्हणजे क्रॉप कव्हर. पांढरं, न विणलेलं, १७ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम). कलिंगड-खरबूजवाले वापरतात तेच. ठिबक आणि मल्चिंग पेपर विकणाऱ्या दुकानात मिळतं. रुंदी बहुधा १.६ मीटर. पूर्ण रोल घरच्या बागेला फार होतो, तेव्हा चार-पाच जणांत वाटून घ्या किंवा कलिंगडवाल्या शेतकऱ्याकडून उरलेला तुकडा मागा. रोल घेणार असाल तर दुकानातच वजन करून बघा: १.६ मीटर रुंद, ४०० मीटर लांब आणि खरंच १७ जीएसएम असेल तर निव्वळ कापड ११ किलोच्या जवळ भरलं पाहिजे. नऊ किलो भरलं तर कापड पातळ आहे किंवा लांबी कमी आहे. बाजारहाटाच्या कापडी दिसणाऱ्या पिशव्याही याच जातीच्या असतात, पण त्यांना उन्हाची प्रक्रिया केलेली नसते. एकदोन महिन्यांत त्यांचा भुगा होऊन मातीत मिसळतो आणि तो वेचत बसावं लागतं.

साडी चालते, पण अटी आहेत. फिकट रंगाची आणि पातळ सिंथेटिक हवी. सुती साडी पाणी पिऊन जड होते आणि रोपांवर बसते. गडद साडीखाली रोपं उजेडासाठी उंच, पांढुरकी होतात. शिवाय साडीचा पन्हा साधारण १.१५ मीटर. तेवढ्यात फक्त दीड फूट रुंदीचा वाफा झाकतो. एका साडीत साधारण पंधरा फूट लांबी निघते. पालक, मुळा, शेपू यांच्या अरुंद पट्ट्याला साडी पुरे. जुन्या मच्छरदाणीने लाल भुंगे, फुलपाखरं, नाकतोडे अडतात. मावा आणि पांढरी माशी खुशाल आत जातात. मिरचीला तिचा उपयोग नाही. ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीडरोधक जाळी महाग पडते, पण तीनचार वर्षं टिकते आणि उन्हाळ्यात क्रॉप कव्हरपेक्षा थंड राहते. हिरवी शेडनेट ही सावलीची वस्तू आहे, किडीची नाही. तिला या कमानींवर टाकू नका.

आता मापं. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण कापड आणलं की वाफ्याच्या रुंदीकडे बघून कमानी करतात आणि मग कड दाबायला कापडच उरत नाही. कापडाच्या रुंदीतून दोन्ही बाजूंचे २०-२० सेंटीमीटर आधी वजा करा. १.६ मीटरमधून उरले १२० सेंटीमीटर. अर्धगोल कमानीची लांबी म्हणजे रुंदीच्या दीडपटीहून थोडी जास्त, म्हणजे ७५ सेंटीमीटर (अडीच फूट) वाफ्याला ११८. बरोबर बसतं, मधोमध उंची सव्वा फूट मिळते. तुमचा वाफा तीन फुटी असेल तर कमान चपटी करून फूटभर उंचीची ठेवा, तेवढंच कापड लागतं. पालेभाजीला ही उंची चालते. कोबीला मात्र चालत नाही. पान कापडाला टेकलं की पतंग बाहेर बसून कापडातून अंडी घालतो. कोबीचा वाफा अडीच फुटीच करा.

कमानीला ८ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार घ्या. ही ४ मिलीमीटर जाड असते आणि किलोला साधारण दहा मीटर बसते. एका कमानीला १२० सेंटीमीटर वरचा भाग आणि दोन्ही टोकं २०-२० मातीत, म्हणजे १.६ मीटरचा तुकडा. तीन-तीन फुटांवर एक धरली तर वीस फुटांना आठ कमानी, तार सव्वा किलोच्या थोडी वर. तुमच्याकडच्या काळ्या मातीत २० सेंटीमीटर पुरत नाहीत. माती वाळून भेगाळली की टोकं हलतात. तिथे ३० आत घाला, म्हणजे तुकडा १.८ मीटरचा. उलट माण-खटावच्या मुरमाड जमिनीत तार नुसती दाबून जातच नाही. आधी पहारीने भोक पाडा, नाहीतर तार वाकते आणि कमान तिरकी बसते.

तासगाव, पलूसकडे कुणाची द्राक्षबाग मोडली असेल तर जुनी तार भंगाराच्या भावात मिळते. ती १० गेजची, म्हणजे पातळ, निघाली तर कमानी दोन-दोन फुटांवर लावा. गंजलेली असेल तर जुन्या १६ एमएम लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) तुकड्यात ओवा. गंजाचा खरखरीतपणा वाऱ्यात कापडाला आठवड्याभरात भोकं पाडतो. ओवायला साधी लॅटरल घ्या. इनलाइन असेल तर आतल्या ड्रीपरला तार अडते. तार न घालता नुसत्या लॅटरलची कमान करायची असेल तर दोन्ही बाजूंना १० एमएम सळईचे दीड फुटी तुकडे निम्मे ठोकून त्यांवर लॅटरल चढवा. जुनी लॅटरल उन्हात मऊ पडून खाली बसते, म्हणून अशा कमानी दोन फुटांवर. कळकाच्या कामट्याही चालतात, पण सुरीने कुसं नीट तासून घ्या आणि वाकवण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवा.

तार बॅरलवर वाकवून मग हाताने हवी तेवढी उघडली की सगळ्या कमानी सारख्या होतात. उभ्या केल्यावर दोन्ही टोकांना, कमानीपासून दीड फूट बाहेर, एकेक खुंटी तिरकी ठोका. एका खुंटीपासून नायलॉनची दोरी काढून प्रत्येक कमानीच्या माथ्यावर एक वेढा देत दुसऱ्या खुंटीला ताणून बांधा. ही दोरी टाळली तर पहिल्या जोराच्या वाऱ्यात सगळ्या कमानी एका बाजूला लोळतात. वाफा पूर्व-पश्चिम असेल तर उत्तम. पावसाळ्यात पश्चिमेचा आणि हिवाळ्यात पूर्वेचा वारा लांब कुशीवर न बसता टोकावर बसतो. चाळकेवाडी किंवा ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाहीत उभ्या केल्या. त्या भागातल्या लोकांनी कमानींची संख्या दीडपट धरावी.

कापड टाकण्याआधी ठिबक अंथरून, पाणी सोडून, प्रत्येक ड्रीपर चालतो का ते बघा. आत गेल्यावर तुंबलेला ड्रीपर रोप सुकल्यावरच कळतो. जमिनीवर दोन-तीन इंच उसाचं पाचट टाका, नाहीतर कापडाच्या ऊबेने तण पिकाच्या आधी वाढतं. पाचट बारीक करून घ्या; लांब धांडे वर येऊन कापडात घुसतात.

वीस फुटी वाफ्याला कापड आठ मीटर लागेल, कारण दोन्ही टोकांना मीटरभर जास्त हवं. ते गोळा करून पीळ द्या आणि खुंटीला बांधा. लांब कडांसाठी दोन पर्याय आहेत. शेतात एकदाच लावायचं तर चर काढून कड मातीत गाडतात. घरच्या बागेत तुम्हाला दर चार दिवसांनी आत बघायचं असतं, तिथे गाडू नका. काढताना कापड फाटतं, आणि काळ्या मातीला भेगा पडल्या की त्यातून वाट होते. त्याऐवजी पाण्याच्या लिटरच्या रिकाम्या बाटल्या वाळू भरून दोन-दोन फुटांवर कडेवर आडव्या ठेवा. मधे कापड जमिनीपासून उचललेलं दिसलं तर तिथे आणखी एक बाटली. विटा नकोत, त्यांच्या धारेने कापड कापतं. लॅटरलच्या कमानी असतील तर लॅटरलचेच तीन इंची तुकडे उभे चिरून क्लिप करा, कमानीवर कापडासकट घट्ट बसतात. तारेवर अशी क्लिप सैल होते. तिथे एक कमान सोडून एकावर कापडाच्या वरून दुसरी कमान खोचा, कापड दोन्हींच्या मधे धरलं जातं. आणि घरात मांजर असेल तर दुपारी तिला त्या उबदार झुल्यावर झोपायचं असतं, हे गृहीत धरून वरच्या कमानी जास्तच खोचा.

कापड कधी टाकायचं? पेरल्या किंवा रोप लावल्या दिवशी, संध्याकाळच्या आत. "आधी रोप धरू दे, मग झाकू" या चार दिवसांत पांढरी माशी तिचं काम उरकून जाते. किडा आत असताना झाकलं तर आच्छादन त्याचंच संरक्षण करतं: बाहेर मावा खाणारे ढालकिडे असतात, आत कुणी नसतं. म्हणून नर्सरीचं रोप लावण्याआधी पानाची खालची बाजू उलटून बघा. मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारून दोन दिवस बाजूला ठेवा, मगच लावा. ट्रेच्या कोपऱ्यातलं आखडलेलं रोप तर लावूच नका.

दुसरी गफलत मातीची. फुलकिडे, नागअळी, फळमाशी यांचे कोष मातीत असतात, लाल भुंग्याच्या अळ्याही मातीत वाढतात. ज्या वाफ्यात मागच्या हंगामात काकडी किंवा भोपळा होता तिथेच पुन्हा काकडी लावून झाकलीत तर भुंगे आतूनच निघतील. तुमचे दोनच वाफे आहेत, तेव्हा अदलाबदल करा: या वेळी काकडी-मिरची पालक-कोबीच्या वाफ्यात.

पालक, मुळा, शेपू, कोबी, फ्लॉवर काढणीपर्यंत झाकून ठेवता येतात, त्यांना मधमाशी लागत नाही. काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांचं तसं नाही. आधी नर फुलं येतात, त्यांची घाई नाही. देठाशी इवलीशी काकडी असलेलं मादी फूल दिसलं की त्याच दिवशी कापड पूर्ण काढा. साधारण लावणीपासून महिन्याच्या आतबाहेर. तोवर वेलाची पानं जून झालेली असतात आणि भुंग्यांचा मोठा धोका टळलेला असतो. उशीर केलात तर काकड्या एका टोकाला बारीक राहून वाकड्या होतात किंवा पिवळ्या पडून गळतात. काढल्यावर फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा, ते काम कापडाचं नव्हे. बी नसलेल्या, परागीभवन न लागणाऱ्या काकडीच्या जाती आहेत, त्या फुलल्यावरही झाकलेल्या चालतात. पण त्यांना तारेवर चढवावं लागतं, तेव्हा बुटक्या कमानीत त्या बसत नाहीत.

मिरचीचं जरा सविस्तर, कारण तिथे कापडाकडून जास्त अपेक्षा ठेवल्या जातात. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळून देठ लांबला तर कोळी ही अगदी बारीक कीड, आणि पानं लहान, गुच्छ होऊन झाड खुंटलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. कापड पांढरी माशी चांगली अडवतं, फुलकिडे काही प्रमाणात, कोळी नाहीच. विषाणूचं नुकसान रोप जितकं लहान तितकं मोठं, म्हणून पहिले ३५-४० दिवस झाकणं फायद्याचं. शेंडा कापडाला टेकला किंवा कळ्या दिसल्या की काढा. आत एक पिवळा चिकट सापळा ठेवा. त्यावर माशी दिसू लागली तर कड कुठेतरी उघडी आहे, ती शोधा. कोळ्यांसाठी आतली दमट ऊब पोषक असते. पाण्याचा ताणही देऊ नका.

ऊन हा या सगळ्याचा खरा अडसर. कापडाखाली दुपारी बाहेरपेक्षा काही अंश जास्त असतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मिरज-सांगलीकडचा उत्तम काळ. मार्चनंतर क्रॉप कव्हर नको, जाळी घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये पालेभाजीला पाच-सहा फूट उंच मांडवावर शेडनेट. वळवाच्या गारांपुढे १७ जीएसएम टिकत नाही, ती आशा ठेवू नका. पावसाळ्यात आटपाडी-जत, माण अशा कमी पावसाच्या भागात झाकलेलं चालतं. पाटण, जावळी, शिराळा अशा जास्त पावसाच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये कापड सुकतच नाही आणि आत केवडा (पानांवरचा बुरशीचा रोग) आणि रोपांची मर लागते, शिवाय गोगलगायी.

कापड एकदम भर दुपारी ओढून काढलं तर कोवळी पानं भाजून पांढरी पडतात. तीन दिवस आधी दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि पूर्ण काढायचं ते संध्याकाळी. काकडीला मादी फूल आल्यावर तीन दिवसांची सोय नसते, म्हणून कळ्या दिसू लागताच टोकं उघडी ठेवायला सुरुवात करा. काढलेलं कापड बादलीत बुडवून माती झटका, पिळू नका, सावलीत वाळवा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवा. पोत्यात ठेवलंत तर उंदीर घर करतात. बोटभर भोकाला कापडाचाच तुकडा मोठ्या टाक्याने शिवा. वीतभर फाटलं असेल तर ते कापड पुढच्या खेपेला मुळ्याच्या अरुंद पट्टीला वापरा.