स्नायूचा तुकडा घेण्यापूर्वी सोनोग्राफी कशासाठी?

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ५६) तीन वर्षांपासून मांड्यांमध्ये अशक्तपणा आहे, पूजेसाठी पाटावर बसले, तर आधाराशिवाय उठता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका रुग्णालयात मांडीच्या स्नायूची बायॉप्सी झाली. अहवालात ‘तुकड्यात मुख्यतः चरबी व तंतुमय ऊतक, निश्चित मत देता येत नाही’ एवढेच आले. आता इंदूरमधल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा बायॉप्सी सुचवली आहे. मात्र आधी सोनोग्राफी करून जागा ठरवू, असे ते म्हणतात. हृदयात स्टेंट असल्याने यजमानांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. सोनोग्राफीने खरोखर फरक पडतो, की हा केवळ वाढीव खर्च आहे?
— एक वाचक भगिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : फरक पडतो, आणि त्याचे कारण आपण पाठवलेल्या जुन्या अहवालातच आहे.

स्नायूंचे बरेच आजार सगळ्या स्नायूंना सारखे ग्रासत नाहीत. एकाच मांडीत एक स्नायू जवळपास शाबूत आणि त्याच्या शेजारचा पूर्ण झिजलेला असू शकतो. दाहाच्या आजारांत तर एकाच स्नायूत रोगट आणि निरोगी भाग ठिगळांसारखे शेजारीशेजारी आढळतात. सर्वांत अशक्त स्नायूचा तुकडा घेतला म्हणजे आजार नक्की सापडेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे आजार बहुधा आपले काम उरकून गेलेला असतो, तंतूंची जागा चरबीने घेतलेली असते आणि मूळ कारणाच्या खुणा पुसल्या गेलेल्या असतात. यजमानांच्या बाबतीत असेच घडले असावे, असे मला वाटते.

सोनोग्राफीत निरोगी स्नायू काळसर दिसतो आणि त्यात मधूनमधून बारीक पांढऱ्या रेघा असतात. चरबी व तंतुमय ऊतक वाढते, तसतसा तो पांढरट होत जातो. लंडनमधील हेकमॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली या बदलाच्या चार पायऱ्या मांडल्या : पहिलीत स्नायू निरोगी दिसतो, तर चौथीत तो इतका पांढरा होतो की त्याच्याखालच्या हाडाची रेघच दिसेनाशी होते. तुकडा घ्यायचा तो मधल्या पायऱ्यांतील भागातून, जेथे आजार आहे आणि तपासण्याजोगे तंतूही शिल्लक आहेत. मात्र वयोमानानेही स्नायू थोडा पांढरट होतो, त्यामुळे केवळ रंगावरून आजाराचे नाव सांगता येत नाही; सोनोग्राफी जागा दाखवते, निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

आता सुरक्षिततेविषयी. डॉप्लरच्या (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या) साहाय्याने त्या जागेतील रक्तवाहिन्या दिसतात, त्यामुळे सुईचा मार्ग त्यांना टाळून आखता येतो, आणि सुई आत जाताना तिचे टोक पडद्यावर पाहता येते. तपासणीचा प्रोब हलक्या हाताने धरावा लागतो, कारण दाबला तर शिरा चपट्या होऊन दिसतच नाहीत. सुईने तुकडा घेतल्यास छेद काही मिलिमीटरांचाच असतो. पण तुकडा लहान निघतो, म्हणून दोन-तीन तुकडे घेतात. शस्त्रक्रियेने घ्यायचे ठरले, तरी आधी सोनोग्राफी करून त्वचेवर खूण करता येते. फक्त ती खूण करताना पाय शस्त्रक्रियेच्या वेळी असेल त्याच स्थितीत हवा, कारण पाय वळला की त्वचेखालचा स्नायू सरकतो.

एवढे असले, तरी सोनोग्राफीमुळे रक्तस्रावाचा धोका कमी होतो, संपत नाही. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने मुळीच बंद करू नये. स्टेंट असताना ते अतिशय धोक्याचे ठरू शकते. हृदयरोगतज्ज्ञ आणि बायॉप्सी करणारे डॉक्टर यांनी आपसांत बोलून तो निर्णय घ्यावा, आणि हे बोलणे झाले आहे ना, याची खात्री आपण स्वतः करून घ्यावी.

सोनोग्राफी म्हटली की आपल्याकडे गरोदरपणच आठवते. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार या यंत्राची नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे ते वाटेल तेथे नेता येत नाही आणि तपासणी नोंदणीकृत जागीच होते. या तपासणीत क्षकिरण नसतात.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आधीच विचारावी. अचूक जागेवरून घेतलेला तुकडाही नीट गोठवला नाही, तर वाया जातो. तो सलाइनमध्ये बुडवून ठेवायचा नसतो, आणि सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) टाकला, तर स्नायूंसाठीच्या विकरांच्या (एन्झाइमच्या) तपासण्या होऊ शकत नाहीत. तो सलाइनने किंचित ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून तातडीने प्रयोगशाळेत पोहोचवतात आणि द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात गोठवतात. ही सोय कोठे आहे आणि तुकडा तेथे कोण नेणार आहे, हे दिवस ठरवण्यापूर्वीच पक्के करावे. मागच्या बायॉप्सीच्या काचपट्ट्या मिळाल्या, तर त्याही सोबत न्याव्यात. अलीकडे ईएमजी (स्नायूत सुई टोचून त्यातील विद्युत हालचाल पाहणारी तपासणी) झाली असेल, तर कोणत्या पायात सुई टोचली होती ते सांगावे, कारण सुईच्या जखमेमुळे स्नायूत दाहासारखे बदल दिसतात आणि तुकडा दुसऱ्या पायाचा घ्यावा लागतो.