मुलांच्या भांडणात पालकांनी निवाडा करावा का?

आपण विचारले आहे की, पाच वर्षांची मुलगी आणि तिचा चुलतभाऊ एका सायकलवरून रोज भांडतात व निवाड्यासाठी आपल्याकडे धावत येतात, तर आपसांतला तंटा त्यांचा त्यांनी मिटवावा यासाठी काय करावे. मी बालवाडीत शिकवते. पालकसभेत हा विषय हमखास निघतो.

मला यात सर्वाधिक उपयोग झाला तो मर्ना शुअर आणि जॉर्ज स्पिव्हॅक या मानसशास्त्रज्ञांच्या कामाचा. १९७०च्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गरीब वस्त्यांतील लहान मुलांबरोबर काम करताना त्यांना असे आढळले की, ज्या मुलांना एकाच अडचणीवर अनेक उपाय सुचतात आणि त्यांचे परिणामही आधीच कल्पिता येतात, ती सहसा कमी उतावळी असतात व सवंगड्यांत अधिक सहज मिसळतात. आणि हा फरक केवळ बुद्ध्यांकामुळे पडत नाही.

म्हणून उपाय मुलांनाच सुचू द्यावेत. ‘मी त्याला ढकलून देईन’ असे उत्तर आले तरी रागावू नये. ‘मग काय होईल? त्याला कसे वाटेल? आणखी काय करता येईल?’ एवढेच विचारावे. नेमका इथेच मोठ्यांचा धीर सुटतो आणि ‘तू मोठा आहेस ना, मग दे तिला’ हे ठरलेले वाक्य तोंडातून निघते, ज्यातून धाकट्याला फक्त रडण्याचा फायदा कळतो. (आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही हे आधी सांगून ठेवावे.)

अर्थात, भांडण पेटलेले असताना हे शिकवता येत नाही. मारामारी होत असेल तर आधी दोघांना वेगळे करावे, शांत झाल्यावर बोलावे. खरा सराव एरवीच करून घ्यावा: गोष्ट सांगताना मध्येच थांबून ‘सशाला आता काय काय करता येईल?’ असे विचारले की मुले भराभर उपाय सांगतात.

दोघांनी मिळून ठरवलेला तोडगा आपल्याला विचित्र वाटला, तरी दोघांना मान्य असेल तर चालू द्यावा. दुसऱ्या दिवशी तो मोडला, तर ‘कालचे का जमले नाही?’ असे विचारून पुन्हा त्यांच्यावरच सोपवावे. मात्र एक मूल दुसऱ्याला सातत्याने धमकावत किंवा मारत असेल, तर ते दोघांचे भांडण राहत नाही. तिथे दुबळ्या मुलाला वाटाघाटी करायला न लावता मोठ्यांनीच मध्ये पडले पाहिजे.